आपट्याचं पान, अंजनाचं पान : स्टेन्सिल आणि कोलाजमधून आपला परिसर

जळगाव जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या कलाशिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. नववीच्या वर्गाला 'माझी ओळख, माझा निसर्ग' हा विषय देऊन त्यांच्याकडून स्टेन्सिल (कापलेल्या कागदातून रंग छापणं) आणि कोलाज (कागदाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र) करून घ्यायचं आहे. पहिल्याच तासाला बहुतेक मुलांनी मोबाइलवरून मोर, कमळ, कोयरी आणि वारली माणसं उतरवून आणली. कामं नीटनेटकी आहेत, पण ही मुलं खानदेशातली आहेत हे एकाही कामावरून कळत नाही. सुरुवात कुठून करावी, साहित्य कोणतं वापरावं, आणि शेवटी गुण कशाला द्यावेत?

मॅडम, यात मुलांचं काही चुकलेलं नाही. 'ओळख' म्हटलं की कुणीही आधीच ठरून गेलेल्या चिन्हांकडे धावतं. ती चिन्हं साडीच्या काठावर, लग्नपत्रिकेवर, हॉटेलच्या भिंतीवर रोज दिसतात. म्हणून काही आठवडे हा विषय फळ्यावर लिहूच नका. मुलांना एवढंच सांगा, शाळेच्या वाटेवरचं एक पान आणायचं आणि त्याचं स्टेन्सिल कापायचं. बाकीचं पानच करून घेतं. कोणती आकृती निवडली यापेक्षा कापताना काय ठेवलं आणि काय काढलं, यात माणूस जास्त दिसतो, आणि हे ठरवणं मोबाइलवरून उतरवता येत नाही.

हे ठरवणं म्हणजे काय ते आधी नीट सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे.

कापसाच्या गाठींवर, गोण्यांवर, लाकडी खोक्यांवर छापलेली अक्षरं तुम्ही पाहिली असतील. 'ठ' किंवा 'ब' मध्येच तुटलेला दिसतो. कापणाऱ्याने ती पट्टी मुद्दाम सोडलेली असते. ती सोडली नाही तर अक्षराच्या पोटातला तुकडा सुटून खाली पडतो आणि 'ठ'चा नुसता गोळा होतो. या सोडलेल्या पट्टीला मी जोड म्हणते. स्टेन्सिल चांगलं की वाईट हे जोड कुठे ठेवले यावर ठरतं. नवशिका मुलगा आधी आकृती काढतो आणि मग ती पडू नये म्हणून जिथे जमेल तिथे पट्ट्या ठेवतो. जाणता कारागीर वस्तूतच जोड शोधतो. पानात शीर असते, फांदीत पेर असतं, पक्ष्याच्या अंगावर पंखाची कड असते. जोड तिथेच ठेवला की तो दिसेनासा होतो आणि आकृती मात्र जिवंत होते.

आता हे तुमच्या वर्गात कसं आणायचं? तुमच्याकडे यासाठी फार सुंदर साहित्य आहे. दसऱ्याच्या आसपासचे दिवस धरा आणि मुलांना तीन पानं आणायला सांगा : आपटा, कांचन आणि अंजन. तिन्ही दुभंगलेली दिसतात. दसऱ्याला सोनं म्हणून बाजारात येणाऱ्या ढिगात आपट्याबरोबर कांचनही खपून जातो, कारण लांबून दोन्ही सारखेच वाटतात. कापायला बसलं की मात्र फरक हाताला कळतो. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं आणि पातळ. दोन्हींत देठापासून पंख्यासारख्या शिरा निघतात आणि मधली शीर वरच्या खाचेत जाऊन संपते. म्हणजे स्टेन्सिलमध्ये दोन पाळ्यांना धरून ठेवणारा जोड ती मधली शीर देते.

अंजनाचं तसं नाही. तिथे एका देठावर दोन वेगळी दलं असतात, फक्त तळाशी टेकलेली. दोन्ही दलं कापल्यावर मध्ये कागदाची एक पट्टी उरते. आपट्यातल्या पट्टीसारखीच दिसते, पण इथे तिथे शीर नाही, दोन दलांमधली मोकळी हवा आहे. वर्गातल्या एखाद्या मुलीने हे स्वतः ओळखलं तर तिला ते झाड आयुष्यभर विसरता येणार नाही. अंजन हे खानदेशच्या आणि सातपुड्याच्या कोरड्या रानातलं झाड. लाकूड अतिशय कठीण आणि जड, पाला गुरांना चारा म्हणून घालतात. पुण्या-मुंबईच्या मुलाने आणलेल्या मोबाइलच्या चित्रात ते कधीच येणार नाही. 'खानदेश' हा शब्द न लिहिताही तुमच्या वर्गाचा खानदेश कागदावर आला, तो असा.

केळीचं पान तर तुमच्या भागात सांगायलाच नको. त्याच्या शिरा मधल्या दांड्यापासून सरळ, एकमेकींना समांतर, काठापर्यंत जातात. म्हणून वाऱ्याने पान फाटतं ते शिरांच्या रेषेतच फाटतं. पिंपळाच्या बाजूच्या शिरा काठाजवळ वळून एकमेकींना मिळतात, म्हणून ते तसं चिरत नाही. कापणाऱ्याच्या दृष्टीने ही दोन अगदी निराळी पानं आहेत. केळीत एक जाड जोड मधोमध पुरतो आणि चिरा जितक्या हव्या तितक्या देता येतात. पिंपळात सगळी जाळीच सांभाळावी लागते. मुलांना वादळानंतरची केळीची बाग कापायला द्या. वादळात बाग आडवी होणं म्हणजे काय हे त्यांच्या घरांत माहीत आहे. ते पान कापताना कोणती चीर कुठे द्यायची हे त्यांना कुणी शिकवावं लागणार नाही.

यात परंपरा कुठे आली, असं तुमचे मुख्याध्यापक विचारतील. परंपरेचा सर्वांत चांगला दाखला सातपुड्यापलीकडे, उत्तरेला आहे. मथुरा-वृंदावनात पितृपक्षात मंदिरांमधून सांझी घालतात. मातीचा अष्टकोनी ओटा करून त्यावर कागदाचे कापलेले साचे ठेवतात आणि वरून कोरडे रंग चाळतात. प्रत्येक रंगाला वेगळा साचा. पाण्याच्या पृष्ठभागावर रंग तरंगत ठेवून केलेली जलसांझीही असते. विषय कृष्णलीलेचा, पण साचा हातात धरून पाहिला तर अर्धा कागद झाडांनी, वेलींनी, यमुनेच्या लाटांनी, गाई-माकडांनी भरलेला असतो. कदंबाची फांदी तिथे शोभेपुरती नसते. कृष्णाची आकृती कागदातून सुटून पडू नये म्हणून तिला धरून ठेवण्याचं काम ती फांदी करते. देव आणि झाड एकाच कागदात गुंतलेले, एक काढला तर दुसरा फाटणार. ओळख आणि निसर्ग यांचं नातं याहून स्पष्ट दाखवणारी वस्तू मी पाहिलेली नाही.

व्रजातल्या, म्हणजे मथुरेच्या परिसरातल्या, मुली याच दिवसांत भिंतीवर शेणाने आणि फुलापानांनी सांझी काढतात. माळव्यात-निमाडात तिची संजा होते. आणि तुमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून गुलाबाई बसते, ती कोजागिरीपर्यंत. सातपुड्याच्या दोन्ही बाजूंना त्याच दिवसांत मुलींचे हे खेळ चालतात, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते. वर्गातल्या ज्या मुलींच्या घरी गुलाबाई बसते त्यांना आजीला विचारून यायला सांगा : तुझ्या लहानपणी गुलाबाईला कोणती फुलं वाहायचे, ती कुठे मिळायची, आता मिळतात का? त्या उत्तरांतून जी झाडं निघतील ती कापायला घ्या.

उसन्या चिन्हांबद्दल मात्र थोडं थांबून विचार करायला हवा. 'बाहेरचं काही नको' असा नियम मी करणार नाही. जपानमध्ये कापड रंगवण्याचे साचे कापण्याची मोठी परंपरा आहे. तुतीच्या कुळातल्या झाडाच्या सालीपासून केलेल्या हातकागदाचे थर कच्च्या पर्सिमनच्या तुरट रसाने चिकटवून साच्याचा कागद तयार करतात. पर्सिमन आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातलं. मिए प्रांतातला सुझुका परिसर या साच्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले जुने कारागीर इतकं बारीक कापत की जोड ठेवायला जागाच उरत नसे. मग ते कागदाच्या दोन पापुद्र्यांमध्ये रेशमाच्या तंतूंची जाळी बसवत आणि सुटे तुकडे तिच्यावर तोलून धरत. साच्यातून भाताची खळ लावायची, मग कापड रंगवायचं, खळ धुतली की तिथे मूळ कापड उजळ राहतं.

याच तंत्राची दक्षिणेकडची बहीण म्हणजे ओकिनावाचं बिंगाता. ओकिनावा उष्ण हवेची बेटं, तरी बिंगाताच्या कापडावर बर्फाच्या आकृत्या सापडतात. हे नकलेपोटी आलेलं आहे असं मला वाटत नाही. र्‍युक्यू राज्याचा (ओकिनावाचं जुनं राज्य) जपानशी आणि चीनशी व्यापार होता, दरबारी संबंध होते, त्या येण्याजाण्याची खूण त्या बर्फात राहिली आहे. आपल्याकडेही गणपतीच्या एकवीस पत्रींत देवदार आहे आणि देवदार हिमालयातला. म्हणजे दूरचं पान आपल्या पूजेत आहेच. पण ते दूरचं आहे हे माहीत असावं. तुमच्या वर्गात पावरा आणि तडवी घरांतली मुलं असतील, बऱ्हाणपूरकडून आलेली असतील, वडिलांच्या नोकरीमुळे कोकणातून आलेलंही एखादं असेल. त्या मुलाने माड कापला तर तो कापू द्यावा. फक्त 'हा इथे कसा आला' याची एक ओळ त्याने मागे लिहावी. सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलाने मोहाचं किंवा टेंभुर्णीचं पान आणलं तर त्याला वर्गासमोर बोलायला सांगा. त्या पानाबद्दल त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असण्याची शक्यता आहे.

वारली माणसांबद्दल माझं मत कडक आहे. वारली चित्रं ही डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या भागांतल्या वारली समाजाची. लग्नात सवाशिणी भिंतीवर देवचौक लिहीत, त्यात पालघट देवी बसे. गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१४ मध्ये वारली चित्रकलेची भौगोलिक मानांकनात नोंद झाली. त्या चित्रातला जीव काडीच्या रेषेत असतो. रेषा कुठे जाड, कुठे तुटक, माणूस एका दमात उभा राहिलेला. त्याचं स्टेन्सिल केलं की दोन त्रिकोण आणि एक गोळा एवढंच उरतं, कितीही वेळा तेच. म्हणजे ज्यांचं आहे त्यांच्यावरही अन्याय आणि आपल्या मुलांचीही फसवणूक. मुलांना वारली चित्रं अवश्य दाखवा, कुणी काढली, कशासाठी काढली ते सांगा, पण त्यांची स्टेन्सिलं कापायला लावू नका.

मोराचं मात्र तसं नाही. तुमच्या शिवारात मोर आहेत. एखादा मुलगा म्हणेल, मी रोज पाहतो, मला मोरच कापायचा आहे. बरोबर आहे त्याचं. त्याला फक्त विचारा, तू कोणत्या महिन्यातला मोर कापतो आहेस? पावसाळा सरत आला की मोराचा पिसारा गळतो. भाद्रपद-आश्विनात बांधावर दिसणारा मोर पुष्कळदा बिनपिसाऱ्याचा असतो, मान तेवढी निळी. असा मोर कुठल्याही पत्रिकेवर छापलेला नाही. तो कापायला मोबाइल उपयोगी पडणार नाही, शेतात जावं लागेल.

आता कोलाज. स्टेन्सिल जे पाहायला लावतं ते कोलाज आठवायला लावतं, आणि आठवण कागदात असते. म्हणून बाजारातले घोटीव कागद पहिल्या दिवशी देऊ नका. प्रत्येकाने आपल्या घरातला कागद आणायचा. कापसाच्या बियाण्याचं रिकामं पाकीट, केळीच्या खोक्यावरचं लेबल, भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं गेलेल्या महिन्याचं पान, ज्याच्या चौकटींत आईने दुधाचा हिशोब लिहिला आहे. जुन्या लग्नपत्रिका, एसटीचं तिकीट, किराण्याची यादी, आजोबांच्या वहीचं कोरं राहिलेलं पिवळं पान. या कागदांचे रंग दुकानात मिळत नाहीत आणि त्यांच्यावरची अक्षरं त्या घराची असतात. दुधाच्या हिशोबाच्या कागदातून कापलेली गाय आणि हिरव्या घोटीव कागदातून कापलेली गाय शेजारी ठेवून पाहा, मुलांना काही समजावून सांगावं लागणार नाही. एक काळजी घ्या. आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, फोन नंबर असलेला भाग वापरू नये, आणि कागद घरच्यांना विचारूनच आणावा.

हे काम किती खोल जाऊ शकतं यासाठी मुलांना दोन माणसांची कामं दाखवा. एक मेरी डिलेनी. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधली ही बाई बहात्तराव्या वर्षी कागदाच्या बारीक चकत्या कापून फुलं करायला बसली. काळ्या रंगवलेल्या पार्श्वभूमीवर एकेक पाकळी, एकेक पुंकेसर वेगळ्या छटेच्या कागदाचा. दहा वर्षांत जवळजवळ हजार फुलं झाली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि ती इतकी अचूक आहेत की झाडाची जात ओळखता येते. काही ठिकाणी तिने खरं वाळलेलं पानही चिकटवलं आहे. तुमच्या नववीला 'हे काम लहान मुलांचं' असं वाटत असेल तर ही फुलं दाखवणं पुरेसं आहे.

दुसरा रोमेर बेअर्डन, १९११ साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये वाढलेला कृष्णवर्णीय चित्रकार. १९६० च्या दशकात, नागरी हक्कांची चळवळ जोरात असताना, तो मासिकांतली छायाचित्रं कापून कोलाज करू लागला. त्यात दक्षिणेतली लहानपणीची घरं, आगगाड्या, कोंबडे, गिटार वाजवणारे, अंगण झाडणाऱ्या बाया. एकाच चेहऱ्यात आफ्रिकी मुखवट्याचा डोळा आणि मासिकातल्या माणसाचं तोंड. माणसांचे हात शरीराच्या मानाने फार मोठे. काम करणाऱ्या माणसाचे हात आठवणीत तेवढेच मोठे राहतात, आणि कोलाजमध्ये ते तसे दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही. तुमच्या मुलांवर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या संकल्पचित्राचे संस्कार असतील. डावी-उजवी बाजू सारखी, मोकळी जागा समान, प्रत्येक आकार मापात. ती शिस्त चांगली आहे, पण इथे ती बाजूला ठेवायला सांगा. कापूस वेचणाऱ्या आईचा हात अख्ख्या झाडापेक्षा मोठा झाला तर होऊ दे.

बिनोदबिहारी मुखर्जींचंही नाव घ्यायला हवं. शांतिनिकेतनचा हा थोर चित्रकार. १९५० च्या दशकात त्यांची दृष्टी पूर्ण गेली आणि त्यानंतर ते कागद कापून, हाताने चाचपून कोलाज करत राहिले. मुलांना कधी डोळे मिटून पान चाचपायला द्या आणि मग कापायला सांगा. डोरलीच्या पानावरचे काटे चित्रात विसरले जातात, बोटं ते विसरत नाहीत. त्याच्या थोडं आधी फ्रान्समध्ये म्हातारा, आजारी चित्रकार मातिस आधी कागद हाताने रंगवून घेत होता आणि मग कात्रीने थेट आकार काढत होता. १९४७ साली त्याची कागदकामं पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा ती रंगवण्यासाठी स्टेन्सिलच वापरलं गेलं. त्याच्याकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे कागद स्वतः रंगवणं. चैत्रातली कडुनिंबाची आणि पिंपळाची कोवळी पालवी तांबूस असते. दुकानातल्या हिरव्या कागदाने तुम्हाला तो चैत्र मिळणार नाही.

आपल्याकडे अख्ख्या निसर्गाचं कोलाज करण्याची रीत आहे, ती गोव्यात आणि तळकोकणात. चतुर्थीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात, गोव्यात तिला माटोळी म्हणतात, सिंधुदुर्गात माटी किंवा माटवी. तिला नारळ, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळ, तवसं, कवंडळं, कांगलं, आंबाडे, तेरडा अशी रानातली आणि परसातली फळं-फुलं बांधतात. गोवा सरकारचं कला आणि संस्कृती खातं माटोळीची स्पर्धा घेतं आणि तिथे लोक शेकडो तऱ्हेच्या फळांबियांतून अख्खी चित्रं उभी करतात. माझ्या लेखी माटोळीचं मोल तिच्या शोभेपेक्षा तिच्यामागच्या माहितीत आहे. कुठलं फळ कोणत्या डोंगरावर, कोणत्या दिवसांत, कुठलं विषारी, हे घरात कुणाला तरी माहीत असावं लागतं, नाहीतर चौकट भरत नाही. तीच अट तुमच्या वर्गाच्या कोलाजला लावा. नाव माहीत नसलेलं पान चिकटवायचं नाही. नाव विचारत गावभर फिरावं लागलं तरी चालेल. आणि रानातून ओरबाडू नका. प्रत्येकी एक पान, शक्यतो गळलेलं.

साहित्याचं थोडक्यात. स्टेन्सिलला जाड कार्डशीट चालते, पण रंगाच्या ओलीने ती दोन-तीन छापांत मऊ पडते. जुन्या प्लास्टिकच्या फायलींची आवरणं उत्तम, धुऊन पुन्हा वापरता येतात. आधी आतले बारीक तुकडे कापायचे, बाहेरची मोठी रेषा सगळ्यांत शेवटी, नाहीतर कागद लवकर ढिला पडतो. वळण घेताना कटर फिरवायचा नाही, कागद फिरवायचा. दुसरा हात पात्याच्या वाटेत कधीच नको. खाली जाड पुठ्ठा, आणि पातं बोथट झालं की लगेच बदला. जास्त दाबावं लागणाऱ्या बोथट पात्यानेच बोटं कापतात. रंग स्पंजने, अगदी कोरडा, ठोकून लावायचा. ओला रंग जोडाखाली शिरतो.

चिकटवायला मैद्याची खळ करा. एक वाटी मैद्याला साधारण पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळत. पुस्तकं बांधणारे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे, शाळेत अजिबात नको. थोडं लवंगेचं तेल घाला आणि खळ दोन-तीन दिवसांत संपवा. खरी पानं चिकटवायची असतील तर वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि पहिले काही दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. वाळलेल्या पानाचा हिरवा रंग उजेडात उडतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. धोत्रा, कण्हेर, रुई हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, रुईचा चीक डोळ्यात जाता कामा नये.

पान वाळवायचंच नसेल तर ताजं पान कागदावर ठेवून टूथब्रश कंगव्यावर घासत रंगाचा फवारा मारा. पान उचललं की त्याची कोरी आकृती राहते. हे माणसाने शोधलेल्या सर्वांत जुन्या चित्रपद्धतींपैकी एक आहे. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या एका गुहेत भिंतीवर हात ठेवून भोवती रंग उडवलेली आकृती आहे, किमान ३९,९०० वर्षांपूर्वीची. मुलांना एकदा पानाशेजारी स्वतःचा हात ठेवून फवारा मारू द्या.

गुणांचं विचारलंत. माझ्या पद्धतीत निम्मे गुण कामाच्या पाठीमागे लिहिलेल्या मजकुराला असतात : पानाचं घरात बोललं जाणारं नाव (अहिराणी असेल तर अहिराणी, पावरी असेल तर पावरी), ते कुठून आणलं, कोणत्या महिन्यात, आणि नाव कुणी सांगितलं. पाव गुण जोडांना. प्रत्येक जोड तिथे का ठेवला हे मुलाला तोंडी सांगता आलं पाहिजे, आणि 'पडू नये म्हणून' या उत्तराला अर्धेच गुण. उरलेला पाव हाताच्या सफाईला. ज्यांचा हात मुळातच सफाईदार आहे अशा मुलांच्या पालकांकडून तक्रार येईल. त्यांना प्रदर्शनाला बोलवा आणि आधी कामांची मागची बाजू वाचायला द्या.